मुलीचा वेग अधिक नदीचा वेग

माग थांबले की मला जाग यायची. सुरतेतल्या आमच्या भाड्याच्या घराची मागची भिंत एका लहानशा यंत्रमागाच्या कारखान्याला लागून होती आणि रात्रभर त्या भिंतीतून खटाखट खटाखट चालू असायचं. त्या आवाजात आम्ही तिघंही गाढ झोपायचो. पहाटे पाळी बदलताना माग थोडा वेळ बंद पडत, आणि ती शांतता मला गदागदा हलवून उठवी. मी डोळे मिटून पडून राही. मग कडी वाजे, माझ्या वडिलांची, आप्पांची, चप्पल वाजे, आणि खुंटीवरून दोर काढल्याचा आवाज येई. काथ्याचा दोर भिंतीला घासत खाली उतरतो तेव्हा एक खरखर होते. आज इतक्या वर्षांनीही कुणी पोत्याचं तोंड सोडताना सुतळी ओढली, तरी माझ्या पोटात काहीतरी वळतं. घरातले म्हणतात, आजीला गॅस झालाय. मीही होकार देते. दोराची गोष्ट जेवणाच्या ताटावर सांगण्यापेक्षा ओवा खाणं सोपं.

तो दोर माझ्यासाठी असे. त्याचं एक टोक माझ्या कमरेला आणि दुसरं आप्पांच्या हातात. आमच्या गल्लीच्या टोकाला तापीचा ओवारा होता. सुरतेत घाटाला ओवारा म्हणतात. त्याच्या दगडी पायऱ्या पाण्यात उतरत उतरत गढूळ पाण्यात दिसेनाशा होत. आप्पा कोरड्या पायरीवर उभे राहत, धोतर जरा वर खोचून, चष्मा पुसून, आणि मी खाली पाण्यात. "हात मार. पाय मार. मान वर. मान खाली." हे सगळं ते एकाच दमात सांगत. बाजूला धुणं आपटणाऱ्या बायका हात थांबवून बघत. त्यांच्यातली एक रोज न चुकता म्हणे, "जो, मास्तर भेंस नवडावे छे." मास्तर म्हैस आंघोळीला घेऊन आले. म्हैस म्हणण्याइतकी मी अंगानं असते तरी मला बरं वाटलं असतं. मी म्हणजे दोन वेण्या बांधलेली शेवग्याची शेंग होते.

आप्पा मराठी शाळेत गणित शिकवायचे. मूळचे आम्ही खानदेशातले. सारंगखेड्याजवळ तापीच्याच काठावर आमचं गाव. नोकरीमुळे सुरतेला येऊन फार दिवस झाले नव्हते, पण आप्पा या शहरात कधी परके वाटले नाहीत, कारण नदी त्यांच्या ओळखीची होती. "वर असताना हेच पाणी प्यायलो, आता खाली येऊन पितोय," असं ते नव्या माणसाला सांगत, जणू नदीच त्यांच्या मागोमाग बदली घेऊन आली होती. एकच गोष्ट तेव्हा मला खटकली नव्हती आणि आता खटकते. गावाच्या किंवा सुरतेच्या तापीत गुडघ्याच्या वर गेलेले आप्पा मी कधी पाहिले नव्हते. मी एकदा विचारलं, "आप्पा, तुम्ही का नाही येत पाण्यात?" तर म्हणाले, "मास्तर फळ्याजवळ उभा राहतो. बाकावर जाऊन बसत नाही." मला ते उत्तर फार पटलं होतं.

मला पोहण्यात घालण्याआधी त्यांनी मला बऱ्याच ठिकाणी घालून पाहिलं होतं. आम्ही दोघांनी मिळून एकही स्पर्धा सोडली नव्हती. कविता पाठांतराला मी पहिल्या कडव्यावरून एकदम शेवटच्या कडव्यावर गेले आणि नमस्कार करून खाली उतरले. लिंबू-चमच्यात लिंबू जागेवर राहिलं, चमचा पडला. संगीत खुर्चीत गाणं थांबल्यावर घाबरून मी दिसली त्या खुर्चीवर बसले, ती पाहुण्यांची होती आणि तिच्यावर पाहुणे होते. प्रत्येक वेळी आप्पा समोर पहिल्या ओळीत बसून माझ्याबरोबर ओठ हलवत, हात हलवत, आणि घरी येताना म्हणत, "पुढच्या वेळी." त्यात राग नसे. राग असता तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांच्या आवाजात आशा असे, आणि आशेपुढे रडता येत नाही.

मग एकदा ओवाऱ्यावर आईबरोबर गेले असताना शेवाळावरून पाय घसरून मी पाण्यात पडले आणि बुडाले नाही. माझ्या घेरदार फ्रॉकमध्ये हवा भरली होती आणि मी तिच्यावर फुग्यासारखी बसून राहिले, एवढंच. हंसाबेननी केसाला धरून मला बाहेर काढलं. हंसाबेन म्हणजे आमच्या शेजारीण, पक्क्या सुरती. त्यांचं तोंड सतत चालू आणि मन साफ. त्यांनी ही हकीकत आप्पांना हसत हसत सांगितली. आप्पा हसले नाहीत. ते विचारात पडले. "ही बुडत नाही," ते आईला म्हणाले. त्याच आठवड्यात एका व्यायामशाळेनं नदीतल्या पोहण्याच्या स्पर्धेची पाटी लावली, लोखंडी पुलाच्या वरच्या घाटापासून पुलाखालून आमच्या ओवाऱ्यापर्यंत, आणि त्यात मुलींचा वेगळा गट होता. हंसाबेनची इला त्यात नाव देणार होती. आप्पांनी हिशेब केला की मुलींच्या गटात नावं थोडीच असणार. मी बुडत नाही, आणि नदी आपली आहे. असलं सोपं गणित त्यांना वर्षानुवर्षांत मिळालं नव्हतं.

ते खरोखरच गणित मांडत. देव्हाऱ्याशेजारी पाटी टांगली होती, तिच्यावर सुंदर अक्षरात लिहिलेलं: मुलीचा वेग अधिक नदीचा वेग बरोबर एकूण वेग. शाळेत प्रवाहाच्या दिशेनं जाणाऱ्या नावेची उदाहरणं ते गेली कित्येक वर्षं घालत आले होते, आता पहिल्यांदाच नावेच्या जागी घरचं माणूस आलं होतं. "मधोमध राहायचं," ते मला समजावत. "काठाला पाणी मंद असतं. मधे धार असते. तू नुसते हात मारत राहा, बाकीचं नदी करेल." मला सकाळी भिजवलेले हरभरे आणि गूळ, संध्याकाळी शेंगदाणे. अंगाला तिळाचं तेल, पाणी अंगावरून सटकावं म्हणून. शाळेत माझ्या शेजारची मुलगी वास येतो म्हणून बाकाच्या टोकाला सरकून बसायला लागली.

आणि मला पाण्याची भीती वाटत होती. ती कशी होती हे सांगायला मला आजही धड जमत नाही. पायाखाली तळ दिसत नसे. पाय टेकला तर तळाचा चिखल मऊ तोंडासारखा घोट्यापर्यंत धरून ठेवी. कधी पोटरीला काहीतरी लागून जाई, पाणवेल असेल, चिंधी असेल, मी ती आख्खी सकाळ ते काय असेल याच विचारात काढी. शाळेत पाढे म्हणताना ते पुन्हा पोटरीला लागे. रात्री अंथरुणात पाय मी पोटाशी घेऊन झोपत असे, कारण अंथरुणाच्या खालच्या टोकाला पाणी आहे असं वाटे. हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही. आप्पा दोर धरून उभे असत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू असे, वर्गातला सगळ्यात ढ मुलगा फळ्याशी येऊन बरोबर उत्तर लिहितो आहे असं. ते हसू पुसायची मला पाण्याहून जास्त भीती होती.

आता माझी नात पोहण्याच्या क्लासला जाते. निळं पाणी, तळाच्या फरश्या मोजता याव्यात इतकं स्वच्छ, आणि काठावर आम्ही मोठी माणसं ओळीनं बसलेली, हातात बाटल्या, टॉवेल, मोबाइलवर सेकंद मोजणं चाललेलं. मी घरून ठरवून जाते की एक शब्द बोलायचा नाही. तिसऱ्या फेरीला मी उभी राहून हात मारत असते, हवेत. शेजारच्या बाई मला सरबत देऊन खाली बसवतात.

आईचं या सगळ्यात काय चाललं होतं, तर स्वयंपाक. असं आम्हाला वाटे. ती घरात अहिराणीच बोलायची, आप्पा शाळेतली मराठी बोलत, आणि मी दोन्हीतलं सोयीचं उचलत असे. एक दिवस दुपारी ती धुणं धुऊन आली आणि पिळे दोरीवर टाकता टाकता म्हणाली, "आज मी देखं, फुलेसना हार खालतून वरते जाई राह्यना." कुणीतरी नदीत सोडलेला झेंडूचा हार समुद्राकडून पुलाकडे, म्हणजे उलटा, वर जाताना तिनं पाहिला होता.

"वाऱ्यानं गेला असेल," आप्पा वह्या तपासत म्हणाले.

"वारा नही व्हता."

"समुद्राचं पाणी आलं की नदी फुगते, एवढंच. फुगते म्हणजे मागं जात नाही. नदी कधी मागं गेलीय का?"

बाजूच्या भिंतीपलीकडून हंसाबेननी ऐकलं होतं. त्यांच्या आणि आमच्या घरात भिंत होती खरी, पण बोलण्यापुरती नव्हती. "मास्तरभाई," त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "आ तो सुरत छे. भरती आवे एटले नदी ऊंधी चाले. छोकरीने नाखो ते पहेलां टाइम जोजो." भरती आली की नदी उलटी वाहते, मुलीला टाकण्याआधी वेळ बघा.

"बघतो, बघतो," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी लाल शाईनं एका पोराचं उत्तर खोडलं. त्यांनी मला नेहमी पहाटेच नेलेलं, दोराच्या लांबीपुरतं, पायऱ्यांच्या कडेला. तिथं नदी कुठल्याही दिशेला जात असल्याचं कळत नसे. त्यांचा पाटीवरचा अधिक तसाच राहिला.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आईनं खिचडी केली आणि वर कच्चं तेल, लसणाची चटणी. मला घास उतरेना. मी मीठ कमी आहे म्हटलं, मग जास्त आहे म्हटलं. आई चुलीपुढून उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि आप्पांकडे वळली.

"तुम्ही पोरले इचारं का?"

"काय विचारायचं?"

"तिले जानं शे का?"

आप्पा गोंधळले. हा प्रश्न त्यांच्या कुठल्याच उदाहरणात नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसू तेच. "काय गं सुमे, जायचंय ना?"

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार होते मी? एकाच अक्षराचा शब्द होता, तोही मी बोटानं खिचडी ढवळत म्हटला.

आईनं तो हो ऐकला. माझ्या ताटाकडे पाहिलं आणि ती मला म्हणाली, "भ्याव वाटनं तं हात वर करजो." तिनं स्वतःचा हात वर करून दाखवला, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. स्पर्धेचा नियमच तो होता. दमलेल्यानं हात वर करायचा, मागून येणारी होडी त्याला वर काढून घेते. "आणि तुम्ही," ती आप्पांना म्हणाली, "होडीमा बसा. तिनी हात वर करा तं काढी ल्या. बोलानं नही, इचारानं नही."

"मी होडीत?" आप्पा म्हणाले.

"मंग कोन?"

आप्पांनी पाण्याचा तांब्या उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "बसतो," ते म्हणाले. त्यांनी आईला शब्द दिला, माझ्यासमोर दिला. त्या शब्दाला धरून मी दोन घास खाल्ले. उद्या काहीही झालं तरी हात वर केला की संपलं. झोपताना मी पांघरुणात हात वर करून पाहिला. सहज होत होता.

दुसऱ्या दिवशी वरच्या घाटावर लाउडस्पीकर लागला होता आणि घारी-नानखटाईवाल्यांच्या टोपल्या आल्या होत्या. माझा पोशाख आईनं आप्पांच्या जुन्या सदऱ्याचा शिवला होता, डोक्याला लाल फडकं. दंडावर शाईनं आकडा काढला होता आणि तो तेलावरून ओघळत कोपराकडे निघाला होता. सकाळीच सुरू व्हायचं होतं, ओहोटी असताना. पण प्रमुख पाहुणे उशिरा आले, मग त्यांना हार घातले, मग ते शरीर आणि मन यांवर बोलले, आणि शरीरावरून मनावर यायला त्यांना फार वेळ लागला. आम्ही मुली पायरीवर ओळीनं कुडकुडत उभ्या. इला माझ्या शेजारी होती. ती शेंगदाणे खात होती.

"बीक लागे छे?" तिनं मला विचारलं. भीती वाटते का.

"नाही."

"मने तो लागे छे," ती म्हणाली आणि आणखी एक दाणा तोंडात टाकला. मला आठवतं, मी तिच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. हे असं बोलून दाखवता येतं?

भाषण संपलं तेव्हा लाउडस्पीकरवरून दोनदा सांगितलं, "भरती चडे छे, छोकरीओए कांठे कांठे तरवुं." भरती चढते आहे, मुलींनी काठाकाठानं पोहायचं. इलानं मान हलवली. मी होडीकडे पाहिलं. होडीत बसलेले आप्पा दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरून होते, बोटांची पेरं पांढरी. त्यांनी मान जोरात नकारार्थी हलवली आणि ओठांनी सांगितलं, "मधोमध." मला त्यांचे ओठ वाचायची सवय होती. कितीतरी स्पर्धांत मी तेच वाचत आले होते.

शिट्टी झाली. पाणी गार नव्हतं, पण आत गेल्यावर माझ्या कानांत एक मोठा हुंकार भरला आणि तो मग थांबलाच नाही. बाकीच्या मुली डावीकडे काठाला गेल्या, मी एकटीच मधे निघाले. सुरुवातीला सगळं बरं होतं. पुलाचा पहिला मोठा खांब जवळ आला. त्याच्यावर एक काळा पक्षी पंख पसरून वाळत बसला होता. मी ठरवलं, पक्ष्यापर्यंत जायचं, मग पुढचं पुढं. मी हात मारले. पक्षी तिथंच. मी आणखी हात मारले, मान वर, मान खाली. पक्ष्यानं मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. तो माझ्या थोडा मागं असायला हवा होता. तो माझ्या पुढं होता.

मग माझ्या तोंडासमोरून एक झेंडूचा हार गेला. खालच्या कुठल्याशा घाटावरून कुणी सोडलेला असेल. तो शांतपणे, कसलीही घाई न करता, मला मागं टाकून, जिथून मी आले होते तिकडे निघून गेला.

आई म्हणाली होती ते खरं होतं. नदी उलटी फिरली होती. माझ्या हातापायांना ते आधी कळलं, डोक्याला नंतर. माझ्या खाली तळ न दिसणारं जे काही होतं, ते सगळं एकदम जागं होऊन मला मागं ओढतं आहे असं वाटलं. पोटरीला काहीतरी लागलं. मी किंचाळायला तोंड उघडलं आणि त्यात नदी आली, गढूळ आणि थोडी खारट. तापी खारट. हे काही आपलं पाणी नव्हतं. मी हात वर केला.

होडी जवळच होती. आप्पांनी माझा हात पाहिला. मला अगदी स्पष्ट आठवतं, त्यांनी पाहिला. आणि ते ओरडले, "हात खाली घे. हात मार, सुमे, हात मार. थोडंच राहिलं. धार येईल आता."

पाण्यातला हुंकार माझ्या कानात होता, तरी ते मला ऐकू आलं. त्या क्षणी जी भीती वाटली ती त्याआधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही, आणि नंतर माझ्या आयुष्यात घाबरण्यासारखं बरंच काही झालं. पाणी मला ओढत होतं याची ती नव्हती. हात वर केल्यावर काही होत नाही, याची होती. मी हात खाली घेतला. मारला. पाय नुसतेच लोंबकळत होते. पाणी एकदा माझ्या डोळ्यांवरून गेलं आणि सगळं तपकिरी झालं. मग पुन्हा उजेड आला, तेव्हा माझा हात वर गेला होता. मी तो नेला नव्हता, तो आपला आपण गेला होता.

"मास्तर," नावाडी ओरडला, "छोकरी गई."

मी आप्पांचा चेहरा पाहिला. हसू पुसलं गेलं होतं, अगदी साफ. त्या जागी जे होतं ते माझ्याच चेहऱ्यावर असणार, इतकं ते ओळखीचं होतं. ज्या कडा त्यांनी घाटापासून सोडल्या नव्हत्या त्या त्यांनी सोडल्या, दोन्ही एकदम, आणि ते उभे राहिले. होडीत असं उभं राहायचं नसतं. त्यांचे दोन्ही हात माझ्याकडे आले, त्यांच्यामागून ते स्वतः आले, आणि धोतर, टोपी, चष्म्यासकट आप्पा माझ्यावर पडले.

पाण्याखाली त्यांनी मला धरलं. गळ्याला धरलं, खांद्याला धरलं, वेणीला धरलं. मला वाचवायला धरलं की माझ्या आधारानं वाचायला, हे त्यांनाही माहीत नसणार. मला एवढंच कळलं की आप्पांना पोहता येत नाही. त्यांचे पाय माझ्या पायांसारखेच आंधळेपणानं तळ शोधत होते. मग माझ्या हाताला लाकूड लागलं. नावाड्यानं वल्हं आडवं धरलं होतं. मी ते धरलं, आप्पांनी मला धरलं होतं, असे आम्ही दोघं एका वल्ह्याला लागून वर आलो. होडीत आधी मला ओढलं, मग त्यांना, पोटावर, पाय अजून पाण्यात. चष्मा गेला होता. ते होडीच्या तळाशी खोकत बसले आणि डोळे बारीक करून माझ्या दिशेला बघत, हातानं चाचपडत, माझं पाऊल सापडल्यावर ते धरून राहिले. नावाडी सुरतीमध्ये आमच्या दोघांच्या घराण्याबद्दल बोलत होता. आम्ही ऐकून घेतलं.

ओवाऱ्यावर इला कधीच पोचली होती. हंसाबेननी तिला टॉवेलात गुंडाळलं होतं आणि तिच्याऐवजी स्वतःच शेंगदाणे खात होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या, तोंड उघडलं, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं की त्यांनी ते काही न बोलता मिटलं. आई सगळ्यात खालच्या पायरीवर होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. ती किती वेळ तिथं पाण्यात उभी होती कोण जाणे. तिनं मला उतरवून घेतलं, पदरानं डोकं पुसलं, जोरजोरात, कान दुखेपर्यंत.

"इन्ही हात वर करा व्हता का?" तिनं आप्पांना विचारलं.

भोवती माणसं होती. शाळेतली दोन पोरंही होती, दात काढत. आप्पांच्या धोतरातून पाणी गळत होतं. ते म्हणू शकले असते की दिसला नाही, ऊन होतं, चष्मा ओला होता. मला वाटतं, मीही तेच म्हटलं असतं.

"केला होता," ते म्हणाले. "पहिल्यांदा केला तेव्हा मी काढलं नाही."

आई त्यांच्यासमोर आली. मग तिनं माझ्या डोक्यावरून काढलेला ओला पदर पिळला आणि त्याचं टोक त्यांच्या हातात दिलं. "तोंड पुसा," ती म्हणाली. "चला घर. जेवी ल्या."

घरी उरलेली खिचडी तिनं फोडणी देऊन गरम केली होती. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून खाल्ली. भिंतीपलीकडचे माग चालू होते आणि बरं वाटत होतं की काहीतरी बोलतं आहे. जेवण झाल्यावर आप्पा उठले, देव्हाऱ्याजवळ गेले, नाक पाटीला लागेल इतकं जवळ जाऊन त्यांनी ती पाहिली, आणि सदऱ्याच्या बाहीनं सगळी पुसली. मला वाटलं होतं, अधिकाच्या जागी ते वजा करतील. त्यांनी काहीच लिहिलं नाही.

त्यानंतर कितीतरी पहाटे माग थांबले, मी जागी झाले आणि डोळे मिटून दोराची वाट पाहिली. तो वाजला नाही. आप्पा झोपलेले असत किंवा झोपेचं सोंग घेत. नवा चष्मा आला. ते माझ्याशी बोलत, पण हातात काहीतरी घेऊन, वही, तांब्या, काहीही. कुठल्या स्पर्धेची पाटी लागली तर रस्ता ओलांडून पलीकडून जात. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. भीती मात्र तशीच होती, फक्त तिला आता वेळ ठरलेली नव्हती.

आणि मग एके दिवशी खरखर झाली. दोर भिंतीवरून खाली उतरला. मी पांघरुणात गोठले. चप्पल वाजली, कडी वाजली. पण मला कुणी हाक मारली नाही. दार लागलं. मी थोडा वेळ थांबले, मग अनवाणी त्यांच्यामागं गेले.

ओवाऱ्यावर उजेड नुकता येत होता. धुण्याच्या बायका आलेल्या नव्हत्या. आप्पांनी सदरा आणि धोतर घडी करून पायरीवर ठेवलं होतं, त्यावर चष्मा. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत मी त्यांना प्रथमच पाहत होते. त्यांचे पाय इतके बारीक आहेत हे मला माहीत नव्हतं, मी शेवग्याची शेंग कुणावर गेले होते ते कळलं. दोराचं एक टोक त्यांनी कमरेला बांधलं होतं आणि दुसरं ते होड्या बांधायच्या लोखंडी कडीत ओवत होते.

"आप्पा."

ते दचकले. "जा घरी. थंडी आहे." मग म्हणाले, "हंसाबेनना विचारून आलोय. भरतीला वेळ आहे अजून."

मी गेले नाही. ते पाण्याकडे वळले, एक पायरी उतरले, पुन्हा वर आले. त्यांनी कडीतून दोर सोडवला आणि ते टोक माझ्यापुढे धरलं.

"कडीला हात वर केलेला दिसत नाही," ते म्हणाले.

मी दोर घेतला. मनगटाला एक वेढा दिला, ते देत तसा. ते एक एक पायरी उतरू लागले, प्रत्येक पायरीवर पाय आधी चाचपत. गुडघे गेले. मग मांड्या. चिखल लागला असावा, कारण त्यांचे खांदे कानांपर्यंत वर गेले. मला माहीत होतं, आता तो घोट्याला धरतोय. हात मार, पाय मार असं बरंच मला ओरडता आलं असतं, सगळं पाठ होतं.

"आप्पा, भीती वाटते?" मी विचारलं.

ते माझ्याकडे पाठ करून उभे होते. "वाटते," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, जणू वर्गात मागच्या बाकापर्यंत जावं म्हणून, "फार वाटते."

ते आणखी एक पाऊल पुढं गेले आणि त्यांनी हात वर केला. पाणी अजून त्यांच्या बेंबीलाही लागलं नव्हतं.

मी दोर ओढला.